सोळा तोंडांचा शिधा



खेड्यात काही लपत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. कुणाकडे पाहुणा आला, की त्याचा चहा पिऊन व्हायच्या आत चार घरांना खबर असते. चुलीचा धूर अवेळी निघाला, दळण नेहमीपेक्षा दोन पायल्या जास्त गेले, दोरीवर अनोळखी मापाचा सदरा वाळताना दिसला, की पाणवठ्यावर त्याची चर्चा सुरू होते. अशा गावात, आपल्या घरात आठ माणसे लपवून ठेवायची. दोनचार दिवस नाही, वर्षाहून अधिक. आणि कुणाला पत्ता लागला तर घरधन्याला गोळी, असा सरकारी हुकूम. तुम्ही ठेवाल?

उत्तराची घाई करू नका. मी स्वतःला हा प्रश्न विचारून पाहिला आणि मला काही छातीठोकपणे हो म्हणता आले नाही. म्हणूनच आज एका शेतकरी कुटुंबाची हकिगत तुमच्यापुढे ठेवतो. देश दूरचा आहे, नावे उच्चारायला जड आहेत. पण माणसे आपल्यासारखीच मातीत हात घालणारी होती.

पोलंड देशाच्या आग्नेय भागात मार्कोवा नावाचे गाव आहे. दुसऱ्या महायुद्धापूर्वी तिथे साडेचार हजारांच्या आसपास वस्ती होती. गाव शेतीचे, पण जागे. सहकारी तत्त्वावर दवाखाना चालवणाऱ्या पोलंडमधल्या अगदी पहिल्या गावांत त्याची गणना होते. या गावात युझेफ उल्मा हा शेतकरी राहत होता. जन्म 1900 सालचा. जमीन बेताची, पण डोके भारी चालणारे. उमेदीच्या वयात शेतकी शाळेत जाऊन शिकून आला. परत आल्यावर त्याने गावात फळझाडांची रोपवाटिका घातली. भाजीपाला करायचा. मधमाश्या पाळायचा आणि त्यांच्या पेट्या स्वतःच्या कल्पनेने बनवायचा. त्या पेट्यांसाठी 1933 सालच्या जिल्हा शेतकी प्रदर्शनात त्याला बक्षीस मिळाले. रेशमाचे किडेही पाळले, त्यांच्यासाठी तुतीची झाडे लावली. छोटी पवनचक्की उभारून घरात विजेचा दिवा लावला. गावातल्या तरुणांच्या संघटनेचे ग्रंथालय सांभाळले. आणि या सगळ्याच्या जोडीला फोटो काढायचा नाद. बायकोचे, पोरांचे, गावातल्या लग्नांचे, शेतात राबणाऱ्या माणसांचे त्याने काढलेले शेकडो फोटो आजही आहेत. आपल्याकडे असा माणूस असता, तर कुणी त्याला प्रयोगशील शेतकरी म्हटले असते आणि कुणी पाठीमागे ‘उद्योगी’ म्हणून हसले असते.

1935 साली त्याचे लग्न विक्टोरियाशी झाले. ती त्याच्याहून बारा वर्षांनी लहान, त्याच गावची. तिलाही शिकायची आवड होती. शेजारच्या गावी लोकशिक्षणाचे वर्ग चालत, तिथे ती जाऊन आली होती. गावातल्या नाटकात काम करायची. नऊ वर्षांत सहा मुले झाली. स्ताशा, बार्बारा, व्लादिस्लाव, फ्रान्चिशेक, अंतोनी आणि धाकटी मारिया. घर लाकडी, लहानसे, वस्तीपासून जरा बाजूला. 1938 साली त्यांनी दुसऱ्या भागात पाच हेक्टर, म्हणजे साडेबारा एकरांच्या आसपास जमीन घेतली होती. तिथे जाऊन नव्याने बस्तान बसवायचे, मुलांना पुरेल एवढे शेत करायचे, असा बेत होता. 1 सप्टेंबर 1939 रोजी जर्मनीने पोलंडवर स्वारी केली आणि बेत जागच्या जागी राहिला.

आता ज्यू म्हणजे कोण, हे थोडे सांगितले पाहिजे. कोकणातल्या, विशेषतः आताच्या रायगड जिल्ह्यातल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. अलिबागच्या बाजूला पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले शनवार तेली तुमच्या वाडवडिलांनी पाहिलेले असतील. तेलाचा घाणा चालवायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून हे नाव. ते स्वतःला बेने इस्रायल म्हणवतात. धर्माने ज्यू, बोलीने मराठी. 1948 नंतर त्यांतले बहुतेक इस्रायलला गेले, पण तिथेही कित्येक घरांत मराठी टिकली. आपल्या मातीत त्यांना धर्मापायी कुणी देशोधडीला लावले नाही, ही आपल्या जमेची बाजू.

युरोपात मात्र वेगळे घडले. हिटलरच्या राजवटीने ज्यूंना माणूस म्हणून जगण्याचाच हक्क नाही असे ठरवले. पोलंड ताब्यात आल्यावर त्यांची दुकाने, जमिनी, घरे हिसकावली, त्यांना शहरातल्या कोंडवाड्यांत डांबले, आणि पुढे रेल्वेच्या डब्यांत भरून मृत्यूच्या छावण्यांकडे नेले. त्या सहा वर्षांत युरोपातले सुमारे 60 लाख ज्यू मारले गेले. त्यांतले जवळजवळ 30 लाख एकट्या पोलंडचे होते.

ऑक्टोबर 1941 मध्ये जर्मन अंमलदारांनी फर्मान काढले. कोंडवाडा सोडून बाहेर पडणाऱ्या ज्यूला मृत्युदंड. आणि त्याला आसरा देणाऱ्यालाही मृत्युदंड. हे नुसते कागदावरचे फर्मान नव्हते. आसरा दिल्याबद्दल अख्खी कुटुंबे उडवल्याच्या बातम्या गावोगाव पोचत होत्या.

मार्कोवात शंभरावर ज्यू राहत होते. 1942 च्या उन्हाळ्यापासून त्यांची धरपकड सुरू झाली. मेलेली जनावरे पुरायची जी जागा होती, तिथे नेऊन त्यांना गोळ्या घातल्या. काही जण रानात, ओढ्याकाठच्या घळींत लपले. युझेफने अशा एका कुटुंबाला घळीत लपण खणायला मदत केली. पण ते लपण सापडले आणि ती माणसे मारली गेली. त्याच वर्षाच्या अखेरीच्या सुमारास त्याच्या दाराशी आणखी माणसे आली. जवळच्या वांत्सुत गावचा सौल गोल्डमन, गुरांचा व्यापारी, आणि त्याचे चार तरणे मुलगे. त्यांच्याबरोबर गोल्डा आणि लेआ या मार्कोवातल्याच दोघी बहिणी, आणि लेआची लहान मुलगी. एकूण आठ.

युझेफने दार उघडले. त्या वेळी नवराबायकोत काय बोलणे झाले, याची कुठे नोंद नाही. पण जे घडले त्याचा हिशेब आपल्याला मांडता येतो, कारण तो आपल्या घरातला हिशेब आहे.

माय-बहिणींनो, जरा मांडून पाहा. घरचे आठ आणि माळ्यावरचे आठ, सोळा तोंडे. त्यात पाच वाढलेले पुरुष. शेतातून येणारे धान्य तेवढेच. शिवाय जर्मन सरकारची सक्तीची लेव्ही. अमुक इतके धान्य, अमुक इतके दूध घातलेच पाहिजे. उरलेल्यात सोळांचा घास. बाजारातून जास्तीचे आणावे, तर दुकानदार विचारणार की एवढे कशाला. धुणे सोळांचे, पण दोरीवर वाळवायचे आठांचे. पाणी सोळांचे, पण विहिरीवर खेप आठांची दिसली पाहिजे. माळ्यावर कुणाला खोकला आला, तर खाली आलेल्या माणसाला तो ऐकू येता कामा नये. आणि सगळ्यांत अवघड म्हणजे लहान पोरांचे तोंड. थोरली सहा वर्षांची, बाकीची तिच्याहून लहान. त्यांना काय सांगून गप्प ठेवायचे? एकाने शेजारच्या पोराशी खेळताना नुसते म्हणावे, की आमच्याकडे एक मुलगी आलीये.

या काळात विक्टोरियाने किती भाकरतुकडा मोडला, याची मोजदाद कुणी ठेवली नाही. इतिहासात पुरुषाचे नाव आधी येते. पण आठ माणसे लपवणे हे मुख्यतः चुलीपाशी होणारे काम आहे, हे ज्याने घर चालवले आहे त्याला कळेल.

पाहुणेही बसून खात नव्हते. युझेफने कातडी कमावण्याचे काम घेतले होते, त्यात गोल्डमनचे मुलगे हात लावत. घर वस्तीपासून बाजूला असल्यामुळे कधी अंगणात उतरून लाकडेही फोडत. ओझे वाटून घेतल्यावर माणूस पाहुणा राहत नाही, घरचा होतो.

पण खेड्यात काही लपत नाही, असे मी सुरुवातीलाच म्हटले. वांत्सुतच्या पोलिसांत लेश नावाचा एक शिपाई होता. जर्मनांच्या हाताखाली चालणाऱ्या स्थानिक पोलिसांतला. गोल्डमनांशी त्याची जुनी ओळख. त्यांनी अडचणीच्या काळात त्याची मदत घेतली होती आणि त्यांची काही मालमत्ता त्याच्या हाती गेली होती. ती परत द्यायची वेळ येऊ नये म्हणून त्यानेच चुगली केली, असे मानले जाते. बंधूंनो, यात काही परके वाटते का? बांधाच्या चार हात जमिनीसाठी सख्खा भाऊ कोर्टात उभा राहतो. राजवटच खुनाला मोकळीक देते, तेव्हा त्याच लोभाच्या हातात बंदूक येते.

23 मार्च 1944 च्या रात्री वांत्सुतच्या बाजूच्या गावांतून चार गाडीवानांना गाड्या जुंपायचा हुकूम झाला. कशासाठी ते सांगितले नाही. त्या गाड्यांतून पाच जर्मन पोलीस आणि काही स्थानिक शिपाई निघाले. वरचा अधिकारी आयलर्ट डीकेन. 24 तारखेला उजाडायच्या आधी ते उल्मांच्या घराशी पोचले. लपलेल्यांना आधी मारले. त्यांतले काही तर झोपेतच गेले. मग गाडीवानांना बोलावून उभे केले, म्हणजे त्यांनी बघावे आणि गावोगाव जाऊन सांगावे. त्यांच्यादेखत युझेफ आणि विक्टोरियाला दारासमोर गोळ्या घातल्या. विक्टोरिया सातव्यांदा गरोदर होती, दिवस भरत आले होते. आईबापांच्या नावाने पोरे आक्रोश करू लागली. त्यांचे काय करायचे, यावर पोलिसांचे थोडा वेळ बोलणे झाले. मग सहाही मुलांना मारले. थोरलीला आठवे वर्ष चालू होते, धाकटी दीड वर्षाची.

गावच्या मुखियाला, आपल्याकडच्या पोलीस पाटलासारखा त्यांचा जो माणूस असतो त्याला, खड्डे खणायला माणसे घेऊन बोलावले. त्याने धीर करून अधिकाऱ्याला विचारले, की मुलांना कशासाठी मारले? उत्तर मिळाले, की पुढे गावाला त्यांचा त्रास नको म्हणून. त्यानंतर पोलिसांनी घर लुटले, दारू प्यायले आणि लूट त्याच गाड्यांत घालून निघून गेले.

काही दिवसांनी गावातल्या पाच-सहा माणसांनी रात्री लपून तो खड्डा उकरला. बंदी होती, तरी उकरला. उल्मांना निदान पेटीत घालून नीट मूठमाती द्यावी, एवढ्यासाठी. तेव्हा त्यांना दिसले, की विक्टोरियाचे बाळ जन्माला येऊ लागले होते. पुढे 1945 च्या जानेवारीत त्या सगळ्यांना गावच्या दफनभूमीत जागा मिळाली.

इथे गोष्ट संपली असती, तर मी ती तुम्हाला सांगितली नसती. इतके भयंकर ऐकून माणूस एकच धडा घेतो, की दुसऱ्याच्या भानगडीत पडू नये, आपले दार लावून घ्यावे. जर्मनांनाही मार्कोवाने हाच धडा घ्यावा असे वाटत होते. गाडीवानांना त्यासाठीच उभे केले होते.

पण मार्कोवात ज्यूंना लपवणारे उल्मांचे एकच घर नव्हते. शिलार नावाच्या शेतकऱ्याकडे वेल्ट्झ कुटुंबातली सात माणसे होती. बार नावाच्या नवराबायकोच्या माळ्यावर पाच जणांचे रीझनबाख कुटुंब होते. आणखी काही घरांत आणखी काही माणसे. 24 मार्चच्या सकाळी या सगळ्या घरांत बातमी पोचली. त्यांच्याही घरी मुलेबाळे होती. त्या सकाळी त्यांनी माळ्यावरच्यांना सांगितले असते, की बाबांनो, आता तुमचा रस्ता धरा, तर कुणी त्यांना दोष दिला असता? मी तर देऊ शकलो नसतो.

त्यांनी तसे सांगितले नाही. शिलारांनी ठेवले, बारांनी ठेवले. 1944 च्या उन्हाळ्यात रशियन फौजांनी तो भाग घेतला, तेव्हा मार्कोवातल्या शेतकऱ्यांच्या घरांतून किमान वीस ज्यू जिवंत बाहेर आले. उल्मांचे बलिदान मोठेच. पण त्या सकाळनंतरही शिलारांच्या घरी चूल पेटली आणि माळ्यावर ताटे गेली, ते मला तितकेच मोठे वाटते. आधी धोका ऐकून माहीत होता, आता डोळ्यांनी दिसला होता.

एकच बाजू सांगून तुमची फसवणूक करणार नाही. याच मार्कोवाच्या शिवारात 1942 च्या डिसेंबरात लपलेल्या ज्यूंना हुडकून काढायला जी माणसे निघाली, त्यांत गावातलेही लोक होते. कुणी धाकाने गेले, कुणी लालचेने. पोलंडच्या अनेक खेड्यांत असे घडले. गाव एकच, एका आळीत शोधणारे आणि दुसऱ्या आळीत लपवणारे. माणूस कोणत्या आळीत राहतो यावर ते ठरत नव्हते, दारावर थाप पडली तेव्हा त्याने काय केले यावर ठरत होते.

अपराध्यांचे काय झाले, हे विचाराल. लेशला 1944 सालीच पोलंडच्या भूमिगत चळवळीने ठार केले. मुलांवर गोळ्या झाडणाऱ्या कोकोट नावाच्या पोलिसावर 1958 साली खटला चालला. फाशी सुनावली, ती पुढे कमी झाली, आणि तो 1980 साली तुरुंगातच मेला. वरचा अधिकारी डीकेन मात्र युद्धानंतर पश्चिम जर्मनीत पुन्हा पोलिसांत लागला आणि 1960 साली शिक्षेविना मेला. देवाघरचा न्याय ज्याचा त्याने मानावा. माणसांच्या घरचा न्याय असा अर्धामुर्धा असतो.

ज्यूंना वाचवणाऱ्या इतर धर्मीयांचा इस्रायल देश सन्मान करतो. 1995 साली युझेफ आणि विक्टोरियाला तो मरणोत्तर मिळाला. आजवर असा सन्मान मिळालेल्यांत सात हजारांहून अधिक जण पोलंडचे आहेत. मार्कोवात 2016 साली संग्रहालय उघडले. 10 सप्टेंबर 2023 रोजी कॅथलिक चर्चने त्या नवराबायकोला, सहा मुलांना आणि न जन्मलेल्या बाळालाही धन्य पदाला चढवले. उल्मांच्या घरात बायबलची एक प्रत मिळाली. वाटेत जखमी पडलेल्या परक्या माणसाला उचलून नेणाऱ्या प्रवाशाची, भल्या शोमरोन्याची, गोष्ट त्यात आहे. तिच्याखाली लाल रेघ ओढलेली होती आणि शेजारी एकच शब्द लिहिला होता, ‘होय’.

आता तो नाजूक प्रश्न. मुलांचा जीव धोक्यात घालायचा आईबापांना काय अधिकार होता? तुमच्यापैकी कित्येकींच्या मनात तो आला असेल, आणि येणे बरोबर आहे. याचे सोपे उत्तर मला सापडलेले नाही. पण उलट बाजूने एवढे बघा. दारात उभ्या असलेल्या लेआच्या हातातही एक मूल होते. ते मूल परत रानात पाठवले, तर ते मरणार हे नक्की होते. आपले मूल मरेल ही भीती होती. नक्की मरण आणि मरणाची भीती, यांत त्या दोघांनी भीती स्वतःकडे घेतली. ते चुकले असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. सगळ्यांनी असेच करावे, असे म्हणायचाही मला अधिकार नाही.

या पोलंडचा आपल्याशीही एक धागा आहे. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला 1943 ते 1948 या काळात पोलिश निर्वासितांची मोठी छावणी होती. रशियाने 1940-41 साली घरादारांतून उचलून सैबेरियाकडे धाडलेली ही माणसे, बहुतेक बायका आणि मुले, इराणमार्गे आपल्याकडे आली. सुमारे पाच हजार जण तिथे राहिले, शिकले, काहींची लग्नेही तिथेच झाली. त्यांतली मुले म्हातारी होईपर्यंत वळिवड्याचे नाव काढत राहिली. मात्र ही दोन्ही उदाहरणे एका मापाने मोजू नका. वळिवड्यात आसरा देणाऱ्याच्या जिवाला घोर नव्हता. मार्कोवात घोटभर पाणी दिल्याचीही किंमत जीव ही होती. आपल्याला सोपी परीक्षा आली आणि आपण ती उतरलो, एवढेच समाधान मानावे.

बंधुभगिनींनो, अशी वेळ आपल्यावर येऊ नये. पण तिची लहान लहान रूपे रोज येतात. अमक्या जातीच्या पोराला विहिरीवर कुणी हटकले, ऊसतोडीला आलेल्या परगावच्या बाईच्या पोटात रात्री कळा सुरू झाल्या, सासरहून मार खाऊन आलेली पोर दारात उभी राहिली, गावाने वाळीत टाकलेल्या घरातले म्हातारे माणूस आजारी पडले. अशा वेळी दार उघडले तर कुणी गोळी घालत नाही. फार तर चार लोक नावे ठेवतात. तरी आपण कितीदा खिडकीतून पाहतो आणि कडी लावून घेतो, ते ज्याचे त्याला ठाऊक.

युझेफ उल्मा आणि विक्टोरिया यांनी एके दिवशी उठून अचानक मोठे काम केले, असे मला वाटत नाही. पुस्तके वाटणे, शेजाऱ्याला रोप देणे, अडलेल्याला हात देणे, हे ते आधीपासून करत होते. दार उघडायची सवय होती, म्हणून त्या रात्रीही उघडले. सवय लहान कामांतच लागते.

आज रात्री जेवणं झाल्यावर ही गोष्ट घरात वाचून दाखवा. मुलांना विचारा, की तुम्ही काय केले असते? त्यांची उत्तरे नीट ऐका. आणि त्यांनी तुम्हाला तोच प्रश्न उलट विचारला, तर खरे काय ते सांगा.